सांगलीतलं जुन्या कॉमिक्सचं दुकान : तुमचे अनुभव लिहा

कृष्णाकाठी (धागाकर्ता)

मारुती रोडच्या मागच्या बोळात जुनी कॉमिक्स, मासिकं, हॉट व्हील्सच्या खेळण्यातल्या गाड्या, पोकेमॉनसारखे जमवायचे पत्ते, नाणी-तिकिटं असं सगळं ठेवणारं एक दुकान आहे, हे सांगलीतल्याच बऱ्याच जणांना ठाऊक नाही. इथल्याच विश्रामबागेतली पोरं अशा गाडीसाठी पुण्यातल्या चुलतभावाला फोन लावतात. चांदोबाचे जुने अंक हवे असणारे लोक ऑनलाइन, माल न बघता पैसे पाठवतात. दोन्ही गोष्टी गावातच मिळतात, म्हणून हा धागा. दुकानाचं नाव इथे लिहू नका अशी मालकांचीच विनंती आहे, नुसते भाव विचारणारे फोन फार येतात. मारुती रोडला कुठल्याही वह्या-पुस्तकांच्या दुकानात 'कॉमिक्सवाले काका' विचारा, बोट दाखवतील.

आत शिरल्यावर डाव्या भिंतीला इंद्रजाल कॉमिक्स. इंग्रजी, हिंदी, मराठी असे वेगळे खण, आणि मराठीचा खण सगळ्यात लहान. नव्या वाचकांसाठी सांगतो : टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी १९६४ मध्ये इंद्रजाल सुरू केलं आणि १९९० मध्ये ते बंद झालं. मधल्या काळात आठशेच्या आसपास अंक निघाले, सुरुवातीला महिन्याला एक, पुढे पंधरवड्याला, मग दर आठवड्याला. वेताळ (इंग्रजीतला फँटम), मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, आणि १९७६ पासून आबिद सुरतींचा बहादूर. एवढा माल घराघरांत येऊन रद्दीत गेला, कारण तो छापलाच होता वर्तमानपत्री कागदावर. उजव्या भिंतीला अमर चित्र कथा आणि चांदोबा, समोरच्या काचेच्या कपाटात गाड्या, पत्ते आणि नाणी, आणि मागे माळ्याखाली मांगाची, म्हणजे जपानी कॉमिक्सची, नवी फळी. ती फळी दर महिन्याला लांबतेय.

पण मला लिहायचंय ते काकांच्या माल दाखवण्याच्या पद्धतीबद्दल. तुम्ही अंक मागितलात की ते तो लगेच हातात देत नाहीत. टेबलावर धुतलेला सुती पंचा अंथरतात. पिशवीची चिकटपट्टी आधी सोलून टेबलाच्या कडेला लावतात, म्हणजे अंक बाहेर काढताना ती मुखपृष्ठाला चिकटत नाही. मग पहिली तपासणी पिनांची. पिना गंजल्या असतील तर तांबूस डाग मधल्या पानापर्यंत उतरलेला असतो, तो ते बोटानं दाखवतात. मग मधलं जोडपान आहे का. इंद्रजालचं मधलं पान पिनांतून सुटून हरवणं फार नेहमीचं, आणि विकत घेताना कुणी पानं मोजत नाही. काका मोजतात, तुमच्यासमोर, मोठ्यानं. मग कोपरे, कापलेली कूपनं, पेनानं सोडवलेली कोडी, आणि शेवटी पाठपृष्ठ. प्रत्येक दोष पेन्सिलनं एका चिठ्ठीवर लिहिला जातो. 'पृ. १४ कोपरा दुमड. मागे शाईनं नाव. पिना मूळच्या.' त्याखाली भाव. ही चिठ्ठी अंकाबरोबर पिशवीत जाते.

जुन्या वस्तूंच्या धंद्यात माल दुकानदाराला कळतो, गिऱ्हाइकाला कळत नाही. सगळी फसवणूक ह्या फरकातून होते. तो फरक जो माणूस आपणहून भरून काढतो त्याच्याकडे मी पन्नास रुपये जास्त देऊन खरेदी करीन, आणि सांगलीकरांनीही करावी असं मला मनापासून वाटतं. असं दुकान एकदा बंद पडलं तर पुन्हा कोणी उघडणार नाही.

तुमचे अनुभव लिहा. वाईट असतील तर तेही लिहा, मी काकांना वाचून दाखवणार आहे.

मिरज_जंक्शन

धागा काढलात ते फार बरं केलंत. माझा अनुभव अमर चित्र कथेचा. मला पुतण्याच्या मुंजीत द्यायला जुन्या, मूळ आवृत्तीचे अंक हवे होते. मी फळीवरून आठ-दहा काढले, रंग छान, कागद छान. काकांनी त्यातले निम्मे बाजूला केले आणि म्हणाले, "हे नंतरचे छाप आहेत, नव्याच्याच भावात घ्या, जुने म्हणून घेऊ नका."

ओळखायचं कसं तेही सांगितलं. अनंत पैंनी १९६७ मध्ये ही मालिका सुरू केली ती इंडिया बुक हाउसकडून. २००७ मध्ये ती एसीके मीडियाकडे गेली. त्यामुळे आतल्या पानावर प्रकाशक कोण छापलाय हे आधी बघायचं आणि मग मुखपृष्ठावरची किंमत. इंडिया बुक हाउसच्या काळातही एकेका अंकाची कितीतरी पुनर्मुद्रणं झाली, त्यामुळे नुसतं त्यांचं नाव दिसलं म्हणजे पहिला छाप, असंही नाही. एवढं समजावून सांगायला त्यांचा अर्धा तास गेला आणि विक्री कमी झाली.

हळदीबाजार

मला नाही पटलं. पद्धत चांगली आहे, माणूस चांगला आहे, पण भाव लई आहेत. जो मराठी वेताळ आमच्या लहानपणी बसस्टँडसमोर पथारीवर रुपया-दोन रुपयाला मिळायचा तो इथं पाचशे-सातशेला. मागचं पान नसलेला अंक अडीचशेला. आमच्यासारख्या माणसानं वाचायचं काय? चिठ्ठीवर दोष लिहिला म्हणून दोष जातो का? मी गेलो, हात लावला, बघितलं, परत आलो. पैसेवाल्यांचा छंद झालाय हा, आणि त्याचं मला वाईट वाटतं, कारण हीच कॉमिक्स आमच्या गल्लीत एक आणली की पंधरा पोरं वाचायची.

कृष्णाकाठी

हळदीबाजार, तुमचं म्हणणं रास्त आहे आणि मी ते त्यांना सांगेन. एक गोष्ट मात्र तुमच्या नजरेतून सुटली असावी. दाराजवळ खाली लाकडी खोकं आहे, त्यात मुखपृष्ठ नसलेले, फाटलेले, मधलं पान नसलेले अंक असतात. ते 'वाचायचे' म्हणून वीस-तीस रुपयांना देतात. संग्रहासाठी निरुपयोगी, पण गोष्ट बहुतेक पूर्ण. मी स्वतः त्यातून बरेच नेलेत.

आणि भावाचं म्हणाल तर, ऑनलाइन लोक जो आकडा लावतात तो मागितलेला भाव असतो. त्या भावाला माल गेला की तसाच पडून आहे हे कोणी बघत नाही, आणि मग तोच आकडा गावोगावी 'बाजारभाव' म्हणून फिरतो. काका त्यांच्या वहीत प्रत्यक्ष गेलेल्या अंकाचा भाव लिहून ठेवतात आणि मागितलं तर वही दाखवतात.

हळदीबाजार

खोक्याचं कुणी सांगितलं नव्हतं. बाहेर पाटी लावायला सांगा मग.

आमराई_रोज_सकाळी

मी विकणारी बाजू लिहिते, कारण दुकानाची खरी परीक्षा तिथे होते.

वडिलांच्या मागे घरात दोन ट्रंका निघाल्या. एकीत चांदोबा, दुसरीत इंद्रजाल आणि काडेपेटीचे छाप चिकटवलेल्या वह्या. आम्ही आधी दुसऱ्या शहरातल्या एका विक्रेत्याला फोटो पाठवले होते. त्यानं वह्यांकडे बघितलंसुद्धा नाही, सगळ्याचा मिळून एक ठोक आकडा सांगितला आणि 'आजच कळवा' म्हणून मागे लागला. भाऊ देऊन टाकायच्या बेतात होता.

कॉमिक्सवाले काका घरी आले. ट्रंक उघडल्यावर पहिल्यांदा त्यांनी वास घेतला, ओल आहे का ते बघायला. मग ओट्यावर पंचा, आणि एकेक अंक. संध्याकाळी आले ते रात्री जेवणाच्या वेळेपर्यंत चाललं होतं. चांदोबा मराठीत १९५२ पासून निघायला लागला, आमच्याकडचे बहुतेक साठ-सत्तरच्या दशकातले. आतली चित्रं बघताना ते थांबायचे, 'हे शंकर यांचं, ही विक्रम-वेताळाची मांडणी त्यांचीच' असं सांगायचे. शेवटी हातात यादी दिली. प्रत्येक अंकापुढे दोन रकाने, मी किती देईन आणि मी किती लावीन. दोन्ही आकडे! त्यांचा नफा किती हे आम्हाला कागदावर दिसत होतं. कुठला दुकानदार असं करतो?

काडेपेटीच्या वह्या त्यांनी घेतल्या नाहीत. "ह्याला माझ्याकडे गिऱ्हाईक नाही, मी घेतल्या तर कमी भावात अडकून पडतील. तुम्ही ठेवा, किंवा छाप गोळा करणारा माणूस भेटला तर मी तुमचा नंबर देईन." काही महिन्यांनी खरंच कोल्हापूरहून एकाचा फोन आला. वह्या मी दिल्या नाहीत शेवटी, पण फोन आला होता.

एक सांगायचं राहिलं. भाऊ शेजारी बसलेला असूनही काका व्यवहाराचं सगळं माझ्याशी बोलत होते, कारण ट्रंका मी सांभाळल्या होत्या हे त्यांना कळलं होतं. बायकांना हे लगेच जाणवतं.

शंभर_फुटी

ताई, प्रतिसाद फार आवडला.

मी गाड्यांवर लिहितो. हॉट व्हील्सचा नवा खोका आला की मोठी माणसं सगळा उचलून नेतात आणि दुप्पट-तिप्पट भावात ऑनलाइन विकतात, हे आता सगळीकडे चाललंय. मॉलमध्ये तर पोरगा पोचेपर्यंत हुकावर नुसत्या न खपणाऱ्या गाड्या लोंबकळत असतात. इथे काकांनी नियम केलाय. खोका फोडला त्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत फक्त शाळकरी मुलांना, एका मुलाला एकच गाडी, छापील किमतीला. सातनंतर मोठ्यांना, तेही एका मॉडेलची एकच.

माझ्या मुलाला याच नियमामुळे ट्रेझर हंट, म्हणजे खोक्यात क्वचितच निघणारी दुर्मिळ गाडी, मिळाली. त्याला माहीतही नव्हतं, हिरवा रंग आवडला म्हणून घेतली. काकांनी बघितलं, हसले, आणि त्याला पुठ्ठ्यावरची खूण दाखवली. किंमतही घेतली ती छापील तेवढीच. मुलानं दारातच पाकीट फाडून गाडी बाहेर काढली आणि पायरीवरून सोडली. तिथे उभे असलेले दोन दादा कळवळले, काका म्हणाले, "गाडी आहे ती, पळणारच की."

डायकास्ट_दादा

त्या दोघांतला एक मी असू शकतो. :)

मला ह्या नियमावर बोलायचंय. आम्ही प्रौढ संग्राहक म्हणजे सगळे काळाबाजारवाले नव्हे. मी १:६४ च्या (खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या हिश्श्याएवढ्या) गाड्या गोळा करतो, एकही आजवर विकलेली नाही. नोकरीवरून सुटून माधवनगरहून यायला साडेसात होतात. तोवर जे उरतं ते उरतं. ट्रेझर हंट १९९५ पासून निघतात, सुपर ट्रेझर हंट २००७ पासून वेगळी झाली, रबरी टायर आणि खास चमकदार रंगाची. तशी एक गाडी खोक्यातून निघाली तर ती जपणाऱ्या माणसाकडे जावी असं वाटणं चूक आहे का? दुकान वर्षभर चालतं ते आमच्यासारख्यांच्या नियमित खरेदीवर.

शंभर_फुटी

दादा, तुमच्याबद्दल राग नाही. पण कंपनीनं गाडी मुलांसाठी काढली, किंमतही मुलाच्या खाऊच्या पैशात बसेल अशी ठेवली. दुर्मिळ गाडी खोक्यात लपवण्यातली गंमतच ही की ती कुणालाही मिळू शकते. मोठ्यांना आधी संधी दिली तर ती 'कुणालाही' राहत नाही. आणि आज जो मुलगा पायरीवरून गाडी सोडतोय तोच दहा वर्षांनी काकांचं नियमित गिऱ्हाईक होणार आहे.

डायकास्ट_दादा

शेवटचं वाक्य मान्य. मी इतकंच सुचवीन की आमच्यासाठी आगाऊ नोंदणीची वही ठेवावी. नंबर आला की मिळेल, घाई नाही. धागाकर्ते, हे त्यांच्या कानावर घालाल का?

कृष्णाकाठी

घालतो.

वर्गशिक्षिका_बाई

पालकांनो, हे जरूर वाचा. आमच्या शाळेत पोकेमॉनच्या पत्त्यांवरून मुलांची भांडणं व्हायला लागली होती. 'माझा सोनेरी, तुझे चार दे' वगैरे. हे सोनेरी पत्ते कोपऱ्यावरच्या किराणा आणि स्टेशनरीच्या दुकानांत पन्नास-साठ रुपयांच्या पाकिटात मिळतात. मी पाच-सात मुलांना घेऊन शनिवारी शाळा सुटल्यावर काकांकडे गेले.

त्यांनी एक खरा पत्ता आणि मुलांकडचा एक पत्ता शेजारी ठेवला आणि भिंग मुलांच्या हातात दिलं. 'कडेला बघा' म्हणाले. खऱ्या पत्त्याच्या कडेला दोन पांढऱ्या थरांमध्ये केसासारखी बारीक काळी रेघ दिसते, मधला काळा थर. मुलांच्या पत्त्यात ती नव्हती. मग मोबाइलचा टॉर्च पत्त्यामागे धरला. नकलीतून उजेड सरळ आरपार आला. मग पाठीचा निळा रंग, खऱ्याचा गडद, नकलीचा फिका. मुलं एकदम गप्प झाली, मग एकेक जण आपापले पत्ते तपासायला लागला. जवळजवळ सगळे नकली निघाले.

मला जे भावलं ते पुढचं. एक मुलगा रडकुंडीला आला होता. काकांनी त्याला सांगितलं, "खेळायला हे पत्ते चांगलेच आहेत. फक्त ह्याच्या बदल्यात कुणाकडून पैसे घेऊ नकोस आणि कुणाला देऊ नकोस." त्या दिवशी त्यांनी मुलांना एकही पाकीट विकलं नाही. आमच्या वर्गातली भांडणं थांबली. भिंगाचं वेड मात्र लागलं, आता सगळे नोटासुद्धा भिंगातून बघतात.

वाचक_मांगावाला

+१. मांगाचेही नकली छाप येतात. कागद पातळ, आणि राखाडी छटेच्या बारीक ठिपक्यांचा चिखल झालेला. काकांकडे दोन्ही प्रती शेजारी ठेवलेल्या आहेत, बघायला मागा. आणखी एक, ते विकताना वय विचारतात. मला चौदाव्या वर्षी एक मालिका दिली नव्हती, 'दोन वर्षांनी ये' म्हणाले होते. तेव्हा राग आला होता. आता ती मालिका वाचल्यावर त्यांचं बरोबर होतं असं वाटतं.

टिळक_चौक

२०१९ चा विषय कुणी काढला नाही म्हणून लिहितो. मी त्यांच्या शेजारच्या गाळ्यात काम करत होतो.

ऑगस्टच्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. आमचा सगळा बाजार पाण्यात होता. पाणी ओसरल्यावर दुकान उघडलं तेव्हा खालच्या तीन फळ्या चिखलात आणि अंक फुगून एकमेकांत घट्ट बसलेले, ओढले तरी निघत नव्हते. सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं त्याच पुरात गेली, त्यामुळे गावात प्रत्येकाच्या तोंडी एकच सल्ला होता, उन्हात टाका. काका एकटे नको म्हणत होते. उन्हानं कागद वाकडातिकडा होतो आणि रंग उडतो. उलट पहिलं काम त्यांनी केलं ते वर्गवारीचं. गुळगुळीत मुखपृष्ठाचे अंक वेगळे, वर्तमानपत्री कागदाचे वेगळे. गुळगुळीत कागद ओला असतानाच सोडवावा लागतो, वाळला की पानं कायमची चिकटतात. म्हणून अमर चित्र कथा आधी. एकेक पान, खाली प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवत.

इंद्रजाल तेवढ्या वेळात सडणार होते. मग काय केलं? ते सगळे गाठोडी करून, बटर पेपरात गुंडाळून, विश्रामबागेतल्या ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवले. तिकडे पाणी नव्हतं. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही. पुढचे काही आठवडे रोज थोडे थोडे बाहेर काढायचे, मिटलेल्या अवस्थेतच स्वच्छ पाण्याच्या परातीत बुडवून चिखल धुवायचा, मग पानांमध्ये छापखान्यातून आणलेला कोरा कागद घालायचा, आणि पंखा. ओला झालेला कागद काढून पुन्हा कोरडा घालायचा. छापलेलं वर्तमानपत्र चालत नाही, शाई उतरते. कॉलेजची पोरं पाळीपाळीनं यायची. पिना आधी काढायच्या, नाहीतर गंज. हे काम त्यांनी कुणाला दिलं नाही, सगळ्या पिना स्वतः काढल्या.

किती वाचलं? निम्म्याच्या आत. चांदोबाचं तर बहुतेक गेलंच. पण वाचलेले अंक त्यांनी 'पुरातले' म्हणून वेगळ्या खणात ठेवले आणि चिठ्ठीवर तसं लिहिलं. लपवून विकता आले असते, कित्येक इतके सुंदर वाळले होते की मलाही ओळखू येत नव्हते. २०२१ च्या पुरात जुलैतच सगळा माल आधी हलवला होता. आता खालच्या दोन फळ्यांवर कागद ठेवतच नाहीत, तिथे गाड्या.

आमराई_रोज_सकाळी

टिळक चौक, हे वाचून अंगावर काटा आला. आमच्या चांदोबाला त्यांनी एवढ्या मायेनं हात का लावला ते आता समजलं.

पलूसची_वाचक

पुरातला नाही, पण गळक्या माळ्यामुळे भिजलेला आणि आता वाळून पिवळा पडलेला गठ्ठा आमच्याकडे आहे. जपायचा कसा? लॅमिनेशन करू का?

कृष्णाकाठी

लॅमिनेशन मुळीच नको, ते परत निघत नाही आणि उष्णतेनं कागद आणखी कमजोर होतो. सेलोटेपही नको, तिचा गोंद तपकिरी होऊन आत उतरतो. स्टेशनरीत मिळणारी मऊ पीव्हीसीची पाकिटं टाळा, त्यांतून निघणारी रसायनं कागद आणि नाणी दोन्ही खराब करतात. पॉलिप्रॉपिलिनची कडक, कुरकुरीत पिशवी घ्या, मागे आम्लरहित पुठ्ठा. दोन्ही काकांकडे मिळतात. अंक उभे पण ताठ ठेवा, वाकले की पाठ मोडते. कसर असेल तर कडुनिंबाचा पाला किंवा वेखंड कपाटात, अंकाच्या आत नाही. आणि पिवळेपणा जाणार नाही, तो कागदाच्या लगद्यातच आहे. पुढे वाढू द्यायचा नाही एवढंच.

पलूसची_वाचक

धन्यवाद, वाचनखूण साठवली.

खणभाग

नाण्यांबद्दल कुणी लिहिलं नाही. ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट लाखात जाते, अमुक नाणं द्या आणि घर घ्या, असले व्हिडिओ बघून रोज कोणीतरी काकांकडे येतं. ते प्रत्येकाला बसवून सांगतात की समोरचा आधी 'नोंदणी शुल्क' किंवा 'कर' मागतो आणि तेवढे पैसे घेऊन गायब होतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेनंही जाहीर इशारा दिला होता की आमच्या नावानं असे पैसे मागणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, आम्ही ह्या व्यवहारांत नाही. माझ्या सासऱ्यांची एक मोठी रक्कम ह्या सल्ल्यामुळे वाचली.

शिवराई त्यांच्याकडे बऱ्याच आहेत, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति'. तांब्याची साधी शिवराई फार महाग नसते, हे कळल्यावर कित्येकांना धक्का बसतो. शेतात सापडलेलं नाणं मात्र ते विकत घेत नाहीत. १८७८ च्या कायद्यानं जमिनीत सापडलेला दहा रुपयांवरचा ठेवा सरकारला कळवावा लागतो, तसं ते सांगतात आणि तलाठ्याकडे पाठवतात. आणि कुणीही जुनं नाणं चिंच-मीठ लावून घासू नका! वरचा काळसर थर गेला की नाण्याची किंमत उतरते.

हरभट_रोडचा_रहिवासी

सगळे चांगलंच लिहिताहेत, म्हणून मी अडचणी लिहितो. दुपारी एक ते साडेचार दुकान बंद. मंगळवारी पूर्ण बंद. कार्ड चालत नाही, यूपीआय कधी चालतो, कधी नेट नसतं. आत तीन माणसं उभी राहिली की चौथ्याला बोळात थांबावं लागतं, आणि माझ्यासारख्या गुडघे दुखणाऱ्याला बसायला एक स्टूल नाही. खालची फळी बघायची तर जमिनीवर बसावं लागतं. पावती मागितली तर देतात, पण आपणहून नाही, आणि हजाराच्या वरच्या खरेदीला पावती आपणहून द्यायलाच हवी. चिठ्ठी आहे हे मान्य, पण चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का नसतो. उद्या तोच अंक मी दुसऱ्याला दिला तर ती चिठ्ठी कुणाची हे कोण सांगणार?

मला हे दुकान हवं आहे म्हणूनच लिहितोय.

कृष्णाकाठी

शिक्क्याचा मुद्दा अगदी नेमका. काल त्यांना हा सगळा धागा वाचून दाखवला. शिक्का करून घेतो म्हणाले, पावती पाचशेच्या वर आपणहून देणार. खोक्यावर 'वाचायचे अंक, २० रुपयांपासून' अशी पाटी कालच लागली. स्टूल आणलंय. गाड्यांच्या नोंदणी वहीला मात्र तूर्त नाही म्हणाले, त्यांना वाटतं वही ठेवली की तिच्यातलेच नंबर विकले जातील. डायकास्ट दादांनी समोरासमोर बोलावं अशी त्यांची इच्छा आहे. दुपारची वेळ बदलणार नाही, डॉक्टरांनी झोपायला सांगितलंय.

डायकास्ट_दादा

नंबर विकले जातील हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. शनिवारी जातो बोलायला.

जुनी_पानं

आणखी एक छोटा अनुभव. मी 'किशोर'चे सत्तरच्या दशकातले अंक मागायला गेले होते. बालभारतीनं १९७१ मध्ये सुरू केलेलं मासिक, माझ्या आईचं लाडकं. काकांनी विचारलं, जपायचेत की वाचायचेत? वाचायचेत म्हटल्यावर म्हणाले की जुने अंक बालभारतीनं ऑनलाइन मोफत ठेवलेत, आधी ते बघा, मग हवासा वाटला तर एखादा घ्या. मी आईला टॅबवर लावून दिले. नंतर तिनं एक अंक निवडला, दिवाळीचा, तो जाऊन आणला.

बहादूरप्रेमी_कवठेमहांकाळ

उशिरा धागा बघितला. बहादूरचे मराठी अंक आहेत का तिथे? एवढ्या लांबून यायचं म्हणजे आधी कळलं तर बरं.

मिरज_जंक्शन

परवाच बघितले, तीन आहेत. एकाची पाठ सुटलीय आणि एकाचं पाठपृष्ठ नाही, तिसरा चांगला आहे, फक्त मुखपृष्ठावर शाईनं नाव. ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच अंकांवर सलग क्रमांक नसतो, खंड आणि अंक असतो, त्यामुळे तुमच्या यादीत जुना क्रमांक लिहिला असेल तर गोंधळ होईल, कथेचं नाव लिहून आणा. फोनवर भाव सांगत नाहीत पण अंक आठवडाभर बाजूला ठेवतात. मंगळवार सोडून या, साडेचारनंतर.